स्क्रीन काळी केली तरी बॅटरी का उतरते? बॅकलाईट कोडमधून चालवायची कशी

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला छोटा कलर डिस्प्ले जोडला की पहिल्या दिवशी सगळे एकच करतात, लायब्ररीतलं उदाहरण टाकतात, रंगीबेरंगी रेघा बघून खूश होतात, आणि मग रात्री खोलीतले दिवे घालवल्यावर लक्षात येतं की अरे, हे तर भिंतीवर उजेड पाडतंय. मग डोकं चालवून कोडमध्ये सगळी स्क्रीन काळ्या रंगाने भरून टाकायची. पण अंधारात नीट बघा, ती काळी स्क्रीन काळी नसतेच, राखाडी-निळसर दिसते, कडेने उजेड गळत असतो, आणि बॅटरीवर असेल तर बॅटरी आधीच्याच वेगाने उतरत राहते.

कारण टीएफटी एलसीडी स्वतः उजेड देतच नाही. तिच्या मागे, खरं तर एका कडेला, पांढऱ्या एलईडींची एक ओळ असते, त्यांचा उजेड एका पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून सगळीकडे पसरतो आणि समोरचे पिक्सेल फक्त तो उजेड अडवायचं किंवा सोडायचं काम करतात. काळा रंग म्हणजे पूर्ण अडवला, तोही शंभर टक्के नाही. मागचे दिवे तेवढेच पेटलेले. म्हणजे चित्र काढणारी चिप, ती आयएलआय९३४१ असो की एसटी७७८९, तिला तुम्ही काहीही सांगा, दिव्याला त्याची खबर नसते. डिस्प्ले आणि त्याची बॅकलाईट ही दोन वेगळी उपकरणं आहेत, एकाच पट्टीवर बसवलेली, आणि कोड लिहिताना पण ती वेगळी धरूनच चालायचं. माझ्या मते बॅकलाईटबद्दलचा निम्मा गोंधळ इथेच संपतो.

ओएलईडीचं तसं नाही बरं का. एसएसडी१३०६वाला तो छोटा ओएलईडी असतो ना, त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, तिथे बॅकलाईट नावाची गोष्टच नाही, काळा म्हणजे खरंच बंद. तिथे उजेड कमी करायचा तर चिपलाच हेक्स ८१ ही कमांड आणि पुढे ० ते २५५ मधला आकडा पाठवायचा. हा लेख त्याच्याबद्दल नाही.

आता गंमत अशी की आयएलआय९३४१च्या डेटाशीटमध्ये पण ब्राईटनेसची कमांड आहे, हेक्स ५१, आणि ती वाचून बरेच जण हरखून जातात की चला, एसपीआयवरूनच, म्हणजे चित्राचा डेटा जातो त्याच तारांवरून, काम झालं. कमांड खोटी नाही. ती चिपच्या एका वेगळ्या पायावर पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल, पुढे सांगतो) सोडते, आणि तो पाय एलईडीच्या सर्किटला जोडावा अशी अपेक्षा असते. पण बऱ्याचशा स्वस्त मॉड्यूलवर तो पाय कुठे नेलेलाच नसतो. कमांड जाते, चिप ऐकते, उजेड आहे तसाच राहतो.

तर मग दिवा चालवायचा मॉड्यूलवरच्या त्या एका पिनवरून, जिच्यावर बीएल, बीएलके किंवा एलईडी असं छापलेलं असतं. इथे थोडं थांबूया, कारण कोड चुकला तर परत टाकता येतो, इथली चूक मात्र पिन जाळते.

प्रश्न असा की ती पिन सिग्नलची आहे की पॉवरची? काही मॉड्यूलवर त्या पिनच्या मागे छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, मग तुमच्या मायक्रोकंट्रोलरने फक्त इशारा द्यायचा, एक-दोन मिलिअँपचं काम. काहींवर मात्र ती पिन एखाद्या रेझिस्टरमधून थेट एलईडीच्या प्लसला जाते, म्हणजे सगळा करंट तुमच्या पिनमधून. २.८ इंची डिस्प्लेमध्ये बहुतेक चार पांढरे एलईडी पॅरलल असतात, प्रत्येकी २० मिलिअँप धरला तर ८० झाले. ईएसपी३२च्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँप, तीसुद्धा "याच्या पुढे जाऊच नका" अशा अर्थाची, रोज चालवायची नाही. आर्डुइनो उनोच्या एटीमेगा३२८पी चिपचंही तेच, ४० कमाल, २० पर्यंत बरं. रास्पबेरी पाय पिकोमधली आरपी२०४० तर अजून नाजूक, तिच्या पिनचा ड्राईव्ह जास्तीत जास्त १२ मिलिअँपवर सेट करता येतो आणि सगळ्या पिन मिळून ५०. लोक थेट जोडतात, चालतंही, उजेड जरा कमी पडतो इतकंच, आणि मग काही महिन्यांनी ती पिन गेली की दोष बोर्डाला देतात.

ओळखायचं कसं? मल्टिमीटर मिलिअँपवर ठेवा, ३.३ व्होल्ट आणि ती बीएल पिन यांच्या मध्ये जोडा आणि आकडा बघा. एक-दोन मिलिअँप दिसले तर मागे ट्रान्झिस्टर आहे, निर्धास्त जोडा. चाळीस-पन्नास-सत्तर दिसले तर ती पॉवरची पिन, मध्ये काहीतरी घालावंच लागेल.

मध्ये काय घालायचं यातही एक खोच आहे. नेटवरच्या चित्रांत सगळीकडे एन-चॅनेल मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) ग्राउंडच्या बाजूला दाखवलेला असतो. पण मॉड्यूलवर बाहेर येते ती बहुतेक वेळा एलईडीची प्लस बाजू, मायनस आतल्या आत ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे तिथे एन-चॅनेल घालायला जागाच नाही. मग पी-चॅनेल घ्यायचा, एओ३४०१ सारखा, सोर्स ३.३ व्होल्टला, ड्रेन बीएल पिनला, गेटवर मायक्रोकंट्रोलर, आणि गेटपासून ३.३ पर्यंत एक १० किलोओहमचा रेझिस्टर. यात उलटं चालतं, पिन लो केली की दिवा लागतो, हाय केली की विझतो, तेवढं कोडमध्ये ध्यानात ठेवायचं. आणि हे ३.३ वरच करा, सोर्सला ५ व्होल्ट दिलेत तर ३.३ व्होल्टची पिन त्याला बंद करू शकणार नाही, दिवा पेटलेलाच राहील. मॉस्फेट नको असेल तर पीएनपी ट्रान्झिस्टर, एस८५५० आणि बेसला एक किलोओहम, याच्यावरही मजेत चालतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले ट्रान्झिस्टर सहज मिळून जातात, फक्त दुकानदार "हा घ्या, दणकट आहे" म्हणून आयआरएफझेड४४एन पुढे करेल तर नको म्हणा, तो दणकट आहे हे खरं, पण एक तर तो एन-चॅनेल, आणि ३.३ व्होल्टच्या गेटवर तो नीट उघडतच नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर ट्रान्झिस्टर आधीच बसवलेला बोर्ड घ्या. सध्या हौशी लोकांत जो पिवळा बोर्ड फार चालतो, ज्याला सगळे चीप यलो डिस्प्ले किंवा नुसतं सीवायडी म्हणतात, त्यावर ईएसपी३२, २.८ इंची ३२० बाय २४०चा डिस्प्ले, टच, आणि बॅकलाईट ट्रान्झिस्टरमार्फत जीपीआयओ २१वर, म्हणजे चिपच्या २१ नंबरच्या पिनवर, सगळं तयार येतं. पुढचं सगळं त्याच बोर्डावर आणि पलंगाशेजारी ठेवायचं घड्याळ करतोय असं धरून सांगतो, कारण बॅकलाईटची खरी परीक्षा रात्री अडीच वाजताच होते. फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने.

पहिली पायरी, नुसतं चालू-बंद. पिन २१ आउटपुट करा, डिजिटलराईट हाय केलं की उजेड, लो केलं की अंधार.

दुसरी पायरी मंद करणं. इथे नवख्याला वाटतं की व्होल्टेज कमी केलं की झालं. पण एलईडीचं व्होल्टेज आणि करंट यांचं नातं सरळ नसतं, पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टच्या आसपास पेटतो, त्याच्या थोडं खाली गेलं की करंट एकदम कोसळतो, म्हणजे नियंत्रण करायला हातात जागाच उरत नाही. शिवाय मायक्रोकंट्रोलरच्या साध्या पिनला अधलंमधलं व्होल्टेज देता येत नाही, एक तर ० नाही तर ३.३. म्हणून पीडब्ल्यूएम. म्हणजे दिवा पूर्ण पेटवायचा, पूर्ण विझवायचा, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचं. एखाद्या गावात दिवसाचे बारा तास लोडशेडिंग असलं तर महिन्याचं बिल निम्मं येतं ना, तसंच, फक्त इथे लोडशेडिंग इतकं भराभर चालतं की डोळ्याला ते कळत नाही, सरासरी उजेड तेवढा कळतो. किती वेळ चालू याच्या प्रमाणाला ड्युटी म्हणतात, आणि सेकंदात किती वेळा हे चक्र फिरतं ती फ्रिक्वेन्सी.

उनोवर हे अ‍ॅनालॉगराईटने होतं, ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवरच, ० ते २५५ मध्ये. ईएसपी३२मध्ये यासाठी खास एलईडीसी नावाचा भाग चिपमध्येच आहे, एकदा सांगून ठेवलं की तो आपला आपण चालत राहतो, तुमचा लूप कितीही अडकला तरी दिवा लुकलुकत नाही. कोड अगदी दोन ओळींचा. लेडसी-अटॅचला तीन गोष्टी द्या, पिन २१, फ्रिक्वेन्सी ५०००, रेझोल्यूशन १२ बिट. मग लेडसी-राईटला पिन २१ आणि ० ते ४०९५ मधला आकडा.

हे वाचून कुणी म्हणेल मी बघितलेल्या व्हिडिओत तर लेडसी-सेटअप आणि लेडसी-अटॅचपिन होतं. बरोबर, तो जुना प्रकार. आर्डुइनोसाठीच्या ईएसपी३२ कोअरची (आर्डुइनोचा कोड ईएसपी३२वर चालवणाऱ्या पॅकेजची) ३.० आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि त्यात ती दोन्ही फंक्शनं काढून टाकली, चॅनेलचा हिशोब आता कोअर स्वतः ठेवतं, तुम्ही फक्त पिन सांगायची. त्यामुळे जुना कोड नव्या कोअरवर कंपाईलच होत नाही, लाल एरर येते. त्यातला चोरटा भाग लेडसी-राईटचा, कारण त्याचं नाव तेच राहिलं, पण पूर्वी पहिला आकडा चॅनेलचा असायचा आणि आता पिनचा. अर्धवट बदल केलेला कोड गुपचूप कंपाईल होतो आणि ० नंबरच्या पिनला पीडब्ल्यूएम द्यायला बघतो. स्क्रीन अंधारी, एरर काही नाही. आधी हे तपासा.

मायक्रोपायथनवाल्यांना सोपं, मशीनमधून पीडब्ल्यूएम घ्यायचं, पिन २१ आणि फ्रिक्वेन्सी ५००० द्यायची, ड्युटी-यू१६ला ० ते ६५५३५. सर्किटपायथनमध्ये तर डिस्प्लेलाच ब्राईटनेस नावाचा गुण असतो, ०.० ते १.०, अर्थात बोर्डाच्या सेटिंगमध्ये बॅकलाईटची पिन दिलेली असेल तर.

फ्रिक्वेन्सी ५००० का, हजार का नाही, लाख का नाही? खालच्या बाजूला अडचण डोळ्याची आणि कॅमेऱ्याची. शंभर-दोनशे हर्ट्झवर सरळ बघताना काही वाटत नाही, पण मान पटकन वळवली की आकडे तुटक दिसतात, आणि मोबाईलने व्हिडिओ काढला तर स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात. उनोचं अ‍ॅनालॉगराईट बहुतेक पिनांवर सुमारे ४९० हर्ट्झचं असतं, फक्त ५ आणि ६वर ९८० च्या आसपास. वरच्या बाजूला अडचण पायऱ्यांची. ईएसपी३२चा एलईडीसी ८ कोटी हर्ट्झच्या घड्याळावर मोजतो. ५००० हर्ट्झ हवं असेल तर एका चक्रात १६००० टिकटिक मिळतात, त्यात १३ बिट म्हणजे ८१९२ पायऱ्या आरामात बसतात. २० किलोहर्ट्झ म्हणाल तर एका चक्रात ४०००च टिकटिक, १२ बिटला लागतात ४०९६, थोडक्यात हुकलं, मग ११ बिटवर या. फ्रिक्वेन्सी वाढवली की पायऱ्या कमी, असा सरळ सौदा आहे. आवाजाचंही एक प्रकरण आहे, ज्या डिस्प्लेच्या मागे कॉईलवाला बूस्ट ड्रायव्हर (व्होल्टेज वाढवून एलईडी चालवणारं सर्किट) असतो तिथे काही किलोहर्ट्झवर बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते, आणि रात्री उशाशी ती नकोशी होते, तेव्हा २० किलोहर्ट्झच्या वर जायचं. सीवायडीवर कॉईल नाही, त्यामुळे ५००० ठीक.

आता येतो तो भाग, जो बहुतेक उदाहरणांमध्ये नसतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. वरचा कोड टाकून स्क्रीनवर एक स्लायडर करा, ० ते १०० टक्के, आणि सरळ त्या प्रमाणात ड्युटी द्या. स्लायडर १०० वरून ५० वर आणला तरी फारसा फरक वाटणार नाही, ३० वर जरा वाटेल, आणि मग १० ते ० मध्ये एकदम धाडकन अंधार. स्लायडर बिघडलेला नाही, आपला डोळा तसा आहे. डोळा उजेडाचा फरक प्रमाणात मोजतो. एकाचे दोन झाले तर डोळ्याला मोठी उडी वाटते, शंभराचे एकशेएक झाले तर पत्ताही लागत नाही. प्रत्यक्ष उजेड साधारण १८ टक्क्यांवर आला की डोळ्याला तो "निम्मा" वाटतो. म्हणजे ५० टक्के ड्युटी डोळ्याला सत्तर-पंचाहत्तर टक्के वाटते.

उपाय गॅमा. स्लायडरचा आकडा ० ते १ मध्ये आणायचा, त्याचा २.२ घात काढायचा, आणि मग ४०९५ ने गुणायचं. आकडे बघा म्हणजे पटेल, स्लायडर ७५ वर असताना ड्युटी येते २१७५ च्या आसपास, ५० वर ८९१, २५ वर १९४, आणि १० वर फक्त २६. खालच्या टोकाला किती बारीक पावलं टाकावी लागतात ते इथे दिसतं, आणि म्हणूनच मी ८ बिट वापरू नका म्हणतो. ८ बिटमध्ये हाच गॅमा लावला तर २५६ पातळ्यांपैकी पहिल्या पंधराएक पातळ्यांचं उत्तर चक्क शून्य येतं, पुढच्या काहींचं एक, मग दोन, आणि रात्री फेड, म्हणजे हळूहळू मंद, करताना उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी गचके खात उतरतो. दिवसा हे कळत नाही. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात तेव्हा एक-दोन मधला फरक म्हणजे दुप्पट उजेड.

घात काढायला पॉव फंक्शन वापरलं तरी ईएसपी३२ला काही फरक पडत नाही, दमदार चिप आहे. छोट्या चिपवर जड वाटत असेल तर सरळ वर्ग करा. पातळी ० ते २५५ ठेवा, तिला तिनेच गुणा आणि १६ ने भागा. २५५ चा वर्ग ६५०२५, भागिले १६ म्हणजे ४०६४, जवळपास पूर्ण उजेड. फक्त सगळ्यात खालच्या तीन पातळ्यांना भागाकार शून्य येतो, तर तिथे "पातळी शून्य नसेल तर ड्युटी किमान एक" अशी अट घाला. आणि गुणाकार उनोवर करत असाल तर व्हेरिएबल अनसाईन्ड घ्या, साध्या १६ बिटच्या इंटमध्ये ६५०२५ मावत नाही, उलटा मायनस आकडा मिळतो.

अजून एक बारीक गोष्ट. ५००० हर्ट्झला एक चक्र २०० मायक्रोसेकंदांचं, त्याचे ४०९६ भाग केले तर एक पायरी साधारण ४९ नॅनोसेकंद. बोर्डावरचा साधा ट्रान्झिस्टर इतक्या पटकन उघडून मिटतोच असं नाही, त्यामुळे अगदी तळाच्या काही पायऱ्यांना तुम्ही मागितला तसा उजेड मिळत नाही, एक तर काहीच होत नाही किंवा अपेक्षेपेक्षा जास्त पेटतो. रात्रीच्या घड्याळासाठी अगदीच मंद उजेड हवा असेल तर फ्रिक्वेन्सी १००० वर आणा, पायरी होते २४४ नॅनोसेकंदांची आणि ट्रान्झिस्टरला श्वास घ्यायला जागा मिळते. मग अंधारात बसून ड्युटी एकेक करत वाढवा आणि कुठल्या आकड्याला पहिल्यांदा नीट दिसतं तो लिहून ठेवा, तोच तुमच्या बोर्डाचा खरा तळ. डेटाशीटमध्ये तो सापडणार नाही.

फेडबद्दल. कोअर ३ मध्ये लेडसी-फेड आहे, सुरुवातीची ड्युटी, शेवटची ड्युटी, किती मिलिसेकंदात, एवढं सांगितलं की हार्डवेअर आपलं आपण उतरवतं. मस्त आहे, पण ते ड्युटीत सरळ रेषेत उतरतं, डोळ्याला सरळ वाटेल असं नाही. म्हणून दोन सेकंदांच्या फेडमध्ये बराच वेळ काही होत नाहीसं वाटतं आणि शेवटी झपकन विझतं. मी त्यापेक्षा लूपमध्ये दर दहा मिलिसेकंदांनी पातळी एकाने हलवतो आणि गॅमा लावून लिहितो. डीले घालून फेड करू नका, तेवढा वेळ टच पण बंद, घड्याळ पण बंद.

आता बूटच्या वेळचा तो पांढरा झटका. पॉवर दिली की एक क्षण स्क्रीन पांढरीफटक होते किंवा कचरा दिसतो आणि मग तुमचं घड्याळ येतं. तो कचरा डिस्प्लेच्या मेमरीत पडलेला असतो, त्याला इलाज नाही, पण तो दिसायलाच पाहिजे असं कुठे आहे? क्रम बदला. सेटअपमध्ये पहिल्याच ओळीत बॅकलाईट बंद, मग डिस्प्ले इनिट, मग पहिलं चित्र पूर्ण काढायचं, आणि त्यानंतर हळूच उजेड वर न्यायचा. एवढ्यानेच घरगुती प्रोजेक्ट विकतच्या वस्तूसारखं वाटायला लागतं. मात्र टीएफटी-ई-एसपीआय ही लायब्ररी वापरत असाल तर एक अडथळा आहे, तिच्या सेटअप फाईलमध्ये टीएफटी-बीएल ही पिन दिलेली असली की लायब्ररी इनिटच्या आतच बॅकलाईट पूर्ण हाय करून मोकळी होते, तुमचं पहिलं चित्र निघायच्या आधी. वर म्हणजे तुम्ही आधी लेडसी-अटॅच केलं असेल तर लायब्ररीचं पिनमोड त्या पिनवरचं पीडब्ल्यूएम काढून टाकतं आणि नंतरचं लेडसी-राईट वाया जातं. ती ओळ सेटअप फाईलमधून कॉमेंट करा आणि पिन स्वतःच्या ताब्यात घ्या, हे बरं.

आपला कोड चालू व्हायच्या आधीही काही क्षण जातात, रीसेटमध्ये पिन तरंगती असते. स्वतः सर्किट करत असाल तर वर सांगितलेला तो १० किलोओहमचा रेझिस्टर याच कामाचा, कुणी काही सांगत नाही तोवर दिवा बंद. आणि ईएसपी३२वर बॅकलाईटला १२ नंबरची पिन देऊ नका, बूट होताना ती हाय दिसली की चिप समजते फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि बोर्ड सुरूच होत नाही. ३४ ते ३९ पण नकोत, त्या फक्त इनपुटच्या.

झोपेची बाजू. काही वेळ कुणी हात लावला नाही तर आधी मंद, मग बंद, असं दोन टप्प्यांत करा. शेवटचा टच कधी झाला ते मिलिसमध्ये (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) ठेवा आणि "आत्ता वजा शेवटचा" हे अंतर तपासा, "शेवटचा अधिक तीस सेकंद" याच्याशी तुलना नको, कारण मिलिस साधारण ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतं आणि बेरजेवाला कोड तिथे फसतो, वजाबाकीवाला नाही. स्क्रीन बंद असताना आलेला पहिला टच फक्त जागं करायला वापरा, बटणापर्यंत पोचू देऊ नका. नाही तर अंधारात वेळ बघायला बोट लावायचं आणि नेमका अलार्म बंद व्हायचा.

बंद म्हणजे दोन्ही बंद, हेही सांगायला हवं. नुसती बॅकलाईट घालवली तरी डिस्प्लेची चिप आत चालूच राहते, तिला हेक्स २८ म्हणजे डिस्प्ले ऑफ आणि हेक्स १० म्हणजे स्लीप, या कमांड द्याव्या लागतात. आणि उलट नुसत्या कमांड दिल्या तर दिवा पेटलेलाच. करंटच्या हिशोबात मोठा वाटा दिव्याचाच आहे, ८० मिलिअँपची बॅकलाईट एकटीच हजार मिलिअँप-अवरची बॅटरी साडेबारा तासांत संपवते, तीच गॅमा लावलेल्या स्लायडरच्या ५० वर ठेवली तर सरासरी १७-१८ मिलिअँप खाते. उठवताना हेक्स ११ द्यायची आणि १२० मिलिसेकंद थांबायचं, मग चित्र, मग हेक्स २९ म्हणजे डिस्प्ले ऑन, आणि मग उजेड.

डीप स्लीपला, म्हणजे चिप जवळपास सगळी बंद होते त्या झोपेला, जाताना मात्र पीडब्ल्यूएम बंद पडतं आणि पिन सुटी होते. पुढे काय होईल ते सर्किटवर, म्हणजे पिनला वर किंवा खाली ओढून धरणाऱ्या पुलअप-पुलडाऊन रेझिस्टरवर अवलंबून. खात्री हवी तर पिन आधी बंद पातळीवर न्या, मग जीपीआयओ-होल्ड लावा, २१ सारख्या साध्या पिनला डीप-स्लीप-होल्डही लागतं. उठल्यावर होल्ड काढायला विसरू नका, नाही तर कोड बरोबर, वायरिंग बरोबर आणि स्क्रीन अंधारी. लाईट स्लीपमध्ये पण एलईडीसीचं नेहमीचं घड्याळ थांबतं, उजेड मंद ठेवून झोपायचं असेल तर त्याला ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या घड्याळावर टाकावं लागतं.

आपोआप उजेड जुळवायचा असेल तर सीवायडीवर पिन ३४ला एक एलडीआर (उजेडानुसार बदलणारा रेझिस्टर) आहे. फार अपेक्षा ठेवू नका, खोलीत दिवा आहे की नाही एवढं कळतं. उजेड वाढला की आकडा वाढतो की घटतो ते सिरियल मॉनिटरवर त्यावर बोट ठेवून बघा. दोन गोष्टी कराच, एक म्हणजे आलेला आकडा थेट वापरायचा नाही, जुन्या सरासरीचे नऊ भाग आणि नव्याचा एक असं मिसळत जायचं, नाही तर समोरून कुणी गेलं तरी स्क्रीन दचकते. दुसरं, मंद व्हायचा आकडा आणि परत उजळायचा आकडा वेगळे ठेवा, मध्ये चांगलं अंतर, नाही तर संध्याकाळी नेमक्या त्या वेळेला स्क्रीन खालीवर करत बसते. रात्रीचा आणखी एक घोळ म्हणजे स्क्रीनचाच उजेड एलडीआरवर पडतो. जरा नीट मोजायचं असेल तर बीएच१७५० हा सेन्सर लावा, तो सरळ लक्समध्ये, म्हणजे उजेडाच्या एककात, सांगतो.

सगळ्याच बोर्डांवर पिन हलवून काम होत नाही. एम५स्टिक-सी मध्ये बॅकलाईट एएक्सपी१९२ या पॉवर चिपच्या ताब्यात आहे, आयटूसीवरून (दोन तारांच्या डेटा जोडणीवरून) तिचं व्होल्टेज बदलावं लागतं, तिथे लेडसी शोधत बसू नका. लिलिगोच्या टी-डिस्प्ले-एस३ वर पिन ३८ला एडब्ल्यू९३६४ हा ड्रायव्हर आहे, तो पल्स मोजतो, एकूण १६ पायऱ्या, प्रत्येक पल्सला एक पायरी खाली, आणि पिन काही मिलिसेकंद लो धरली की बंद, त्यामुळे त्याला पीडब्ल्यूएमऐवजी मोजून पल्स द्यायचे. त्याच बोर्डावर बॅटरीने चालवताना पिन १५ हाय केली नाही तर डिस्प्ले लागतच नाही, यूएसबीवर मात्र लागतो, आणि यात माणूस पार चक्रावतो.

आणि डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधला तो निळा १६ बाय २ अक्षरांचा एलसीडी? त्याच्या मागे आयटूसीची पट्टी असेल तर बॅकलाईट त्या पट्टीवरच्या पीसीएफ८५७४ चिपच्या एका बिटवर आहे, लायब्ररीतून फक्त चालू आणि बंद. पण पट्टीच्या कडेला एलईडी लिहिलेला दोन पिनांचा जंपर असतो, तो काढला की एक पिन ५ व्होल्ट आणि दुसरी एलईडीची प्लस. दुसरीला उनोच्या पिन ९वरून अ‍ॅनालॉगराईट दिलं की तोही छान मंद होतो. जोडायच्या आधी मात्र त्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावून करंट बघा, वीसच्या आत असेल तर थेट, वर असेल तर पीएनपी, आणि त्याला पुरवठा ५ व्होल्टचा असला तरी चालतो, कारण उनोची पिनच ५ व्होल्टची आहे.